सहादू टर्नरने घासून टाकलेल्या रेषा

भिंगारच्या बाजारातून कँटोन्मेंटकडे जाणाऱ्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीच्या मागे, सहादू टर्नरचं लेथचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रे, तीन बाजूंनी भिंती आणि मधे एक मशीन. पण मशीन असं, की नवखा माणूस दारातच थबकायचा. लष्कराच्या लिलावात निघालेला जुना विलायती लेथ, लोखंड गरगर फिरवून कापणारा, लांबरुंद, ट्रकच्या ब्रेकचा ड्रम त्याच्यावर आरामात फिरायचा. सहादूची उमेदीची सगळी वर्षं लष्करी वर्कशॉपात सिव्हिलियन टर्नर म्हणून गेली होती. नोकरीतून सुटताना मिळालेल्या पैशांत त्याच्या बरोबरीच्यांनी घरांवर स्लॅब टाकले, आणि हा गडी लेथ घेऊन घरी आला. त्याची बायको विमलबाई बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मग एक दिवस तीच तेलाचा फडका घेऊन मशीन पुसायला लागली आणि विषय मिटला.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. त्या साली सहादूला जग फार सुंदर दिसायला लागलं होतं.

सुरुवात भीमजयंतीला झाली. वस्तीत नेहमीप्रमाणे लायटिंगच्या माळा लावल्या होत्या. सहादू जेवून बाहेर आला आणि बघतच राहिला. एकेका दिव्याभोवती गोल कडं, आत तांबडं, मग हिरवं, कडेला जांभळं. तो मंडळाच्या पोरांकडे गेला आणि म्हणाला, "यंदा लायटिंग लई भारी केली रे तुमी." पोरं खूश झाली, आणि नंतर एकमेकांकडे बघायला लागली, कारण माळा मागच्याच वर्षीच्या होत्या. घरी आल्यावर सहादूला मोरीतल्या बल्बभोवतीही तसंच कडं दिसलं. तेव्हा त्याला काय ते कळलं. त्याच्या आईला मोतीबिंदू होता. पाळी आता आपली आली आहे हे समजण्याइतका तो शहाणा होता.

पण खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. सकाळी तो दुकान उघडायला निघायचा तेव्हा सगळा रस्ता दुधात बुडालेला असायचा. दौडीला निघालेले जवान दिसायचे नाहीत, त्यांची पांढरी बनियनं तेवढी हवेतून तरंगत यायची आणि बुटांचा आवाज मागे सोडून निघून जायची. गिरणीजवळच्या लिंबाला पानं उरली नव्हती, नुसता हिरवा रंग उरला होता. कोणी सायकलवरून "जय भीम, सहादूदादा" म्हणायचा, आवाजावरून माणूस ओळखू येईपर्यंत तो धुक्यात शिरलेला असायचा. दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप लेथवर पडली की लोखंडाच्या त्या जुन्या धुडाला रंगीत झालर लागायची, आणि सहादू हातातलं काम थांबवून बघत बसायचा. आयुष्यभर त्याने जगाकडे मायक्रोमीटर लावून बघितलं होतं. आता उतारवयात जग जरा सैल झालं होतं, तर त्याला तक्रार करावीशी वाटेना.

कामाचं अडत नव्हतं. हात सरावलेले होते. माप बोटांना कळायचं आणि टूल नीट कापतंय की नाही हे कानाला.

अडत होतं ते एकाच ठिकाणी, विमलबाईपाशी. वर्कशॉपात सहादूचा जोडीदार होता गोरक्ष. त्याची नजर अधू झाली होती आणि तो ते लपवत होता. शेवटी लेथच्या फिरत्या चकात हात गेला आणि दोन बोटं गेली. त्या दिवशी त्याला बघून दवाखान्यातून परत येताना विमलबाईने सहादूला बजावलं होतं, "तुमचा डोळा ज्या दिशी दगा देईल, त्या दिशी ह्या हातांनी कुलूप लावीन. मग तुमी कितीबी रागवा." विमलबाई एकदा बोलली की बोलली. आणि त्या काळी सगळे म्हणायचे की मोतीबिंदू पिकल्याशिवाय कापत नाहीत. म्हणजे आता सांगितलं तर आजच कुलूप, आणि पिकायची वाट बघत घरी बसायचं, किती महिने कोण जाणे. लेथशिवाय रिकामं बसायचं सहादूला मानवणारच नव्हतं. त्याने ठरवलं, पिकू दे गुपचूप. आपण आपलं काम करत राहू.

अशात आप्पासाहेब आले. सुप्याच्या एमआयडीसीत त्यांचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना होता आणि नुकतीच त्यांनी मुंबईहून एक परदेशी गाडी आणली होती. तिची चाकं अलॉयची, चांदीसारखी लखलखीत. भिंगारमधून जाताना समोरून लष्कराचा ट्रक आला, आप्पासाहेबांनी गाडी बाजूला दाबली, आणि पुढचं चाक फुटपाथच्या कडेला घासत गेलं. कँटोन्मेंटच्या फुटपाथचे ते दगड, चुना आणि गेरू लावून ओळीत उभे केलेले, कोणाच्या बापाला जागा देत नाहीत. चाकाच्या कडेचा लचका निघाला होता आणि ओरखड्यांत गेरू भरला होता.

"मिस्तरी, हे चाक सुटं मिळत नाही. मुंबईवाला म्हणतो चारी घ्या, तेही तीन महिन्यांनी," आप्पासाहेब म्हणाले. "लष्कराची कामं तुम्ही केलीत असं कळलं. बाकीच्या तिन्हींसारखं करून द्या."

सहादू बाहेर आला आणि गाडीच्या धड चाकापाशी उकिडवा बसला. ऊन चांगलं होतं. चाकावर रंगांची चक्री पडली होती, तांबडं, हिरवं, जांभळं, मान हलवली की तीही हलायची. सहादू मनात हसला. त्याला आताशा ताटातही रंग दिसत आणि विमलबाईच्या स्टीलच्या तांब्यावरही. चकचकीत वस्तू दिसली की त्याचे डोळे त्यांचा हा उद्योग सुरू करायचे. त्याने चाकावरून नख फिरवलं. कुठे रेघ लागली नाही, वर लॅकरचा पातळ थर होता, त्यावरून नख सुळकन गेलं. म्हणजे आरशासारखं पॉलिश, एवढंच काम. तो उठला आणि म्हणाला, "हुईल. परवा या."

आप्पासाहेब खराब चाक तिथेच ठेवून, स्टेपनी लावून सुप्याला गेले.

ते काम सहादूने फार प्रेमाने केलं. चाक लेथवर बसवलं, कुठे डुगतंय ते खडू टेकवून टेकवून बघत सरळ केलं. टूलला धार लावून ती तेलाच्या दगडावर इतकी गुळगुळीत केली की विमलबाई म्हणाली, "दाढी करायचीय का त्यानं?" ती दारात बसून मेथी निवडत होती. ॲल्युमिनियमवर रॉकेलचे थेंब सोडत सहादूने पहिला पदर, पापुद्र्याएवढा थर, काढला. कापाचा आवाज बारीक आणि एकसारखा येत होता. निघालेला कीस मऊ, पांढरा, त्याच्या मनगटावर येऊन बसत होता. रॉकेलच्या वासात, त्या गुणगुणीत, धुक्यातून फिरणाऱ्या त्या चांदीच्या गोलाकडे बघताना सहादूला आपण कुठे उभे आहोत याचा विसर पडला. किती वेळ गेला कळलं नाही. गेरू गेला, ओरखडे गेले, लचका गेला.

आणि मग तो एक चूक करून बसला. चूक म्हणजे आयुष्यभराची सवय. टूल फिरलं की धातूवर बारीक रेषा राहतात. वर्कशॉपात जॉबवर रेघ दिसली की सुपरवायझर जॉब परत फेकायचा. रेघ म्हणजे आळस, रेघ म्हणजे टर्नरची बेअब्रू, हे सहादूच्या रक्तात भिनलेलं. त्याने पॉलिशपेपर घेतला, मग त्याहून बारीक, मग जुन्या लष्करी घोंगडीचा तुकडा, आणि सगळ्या रेषा घासून घासून पुसून टाकल्या. चाकात त्याचा चेहरा दिसायला लागला, धूसर का होईना. तो समाधानाने घरी गेला.

आप्पासाहेब ठरल्याप्रमाणे आले. चाक गाडीशेजारी उन्हात उभं केलं. ते थोडे मागे सरकले, पुन्हा पुढे आले.

"मिस्तरी, काम झकास आहे. पण ह्याचे रंग कुठं गेले?"

"कसले रंग?"

"हे काय, बाकीच्यांवर बघा ना. उन्हात इंद्रधनुष्य पडतं. सीडीवर पडतं तसं. तुमच्या चाकावर काहीच नाही, नुसता आरसा."

सहादू उभ्याचा तसाच राहिला. मग त्याच्या तोंडावर इतका आनंद पसरला की आप्पासाहेब गोंधळले.

"म्हंजे तुमाला पन दिसत्यात?" तो म्हणाला. "ते रंग खरोखर चाकावर हायेत?"

दारात विमलबाईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. तिने नवऱ्याकडे बघितलं.

सहादू गाडीच्या चाकापाशी पुन्हा बसला. आता त्याला सगळं लक्षात आलं होतं. त्या चाकांवर रेषा होत्या, केसाहून बारीक, एकाला एक लागून, आणि लॅकरखाली असल्यामुळे नखाला न कळणाऱ्या. त्या रेषांवर ऊन फुटून रंग होत होते. ज्या रेषा आपण जन्मभर दोष म्हणून पुसल्या, तेच इथलं काम होतं. त्याने आप्पासाहेबांना सरळ सांगितलं की माझ्याकडून चुकलं, आणखी एक अगदी हलका पदर निघेल, त्याच्यापुढे चाकाला मांस उरणार नाही. बिघडलं तर चाक भंगारात.

"जमेल का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

सहादूने तोंड उघडलं, पण उत्तर दारातून आलं. "जमंल. सांजच्याला या तुमी."

गाडी गेली. विमलबाईने मेथी बाजूला ठेवली.

"कवापास्नं?"

"जयंतीपास्नं."

"ती लायटिंग."

"व्हय."

तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काहीच करता येईना. "येवढे दिस मशीन चालवलं आंधळ्यावानी," ती शेवटी म्हणाली. "आन मी इथंच बसल्ये, भाजी निवडत."

"सांगितलं आसतं तर तू कुलूप लावलं आसतं."

"लावलंच आसतं." ती उठली, पदर कमरेला खोचला आणि लेथच्या स्विचपाशी जाऊन उभी राहिली. "एवढं चाक करून द्या. शब्द गेलाय. माजा हात हितंच ऱ्हाईल, आन तुमचा हात जरा जरी वाकडा गेला तर मी बंद करनार."

सहादूने टूलला पुन्हा धार लावली. लेथचा फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, सगळ्यात सावकाश केला, आडवी चाल मशीनवर सोडली आणि चाकाचा उतार हाताने सांभाळायला घेतला. विमलबाई वाकून बघत होती. लेथचं तिला काही कळत नव्हतं, पण तांदळातला खडा तिच्या नजरेतून कधी सुटला नव्हता.

"रेघा दिसत्यात का?"

"दिसत्यात. कंगव्यानं भांग काढल्यावानी."

"मग जाड हायेत." टूल अजून कडेलाच होतं. त्याने मशीन थांबवलं, धार थोडी गोल केली, चाल आणखी बारीक केली आणि तेवढ्याच खोलीवर कडेपासून पुन्हा सुरुवात केली.

"आता?"

"आता दिसंनात. नुसता उजेड दिसतोय." मग ती पुढे झुकली. "थांबा. मशीन न्हाई, तुमी थांबा, बोलू नका. आले. रंग आले."

दुकानात नुसता कापाचा आवाज उरला. पत्र्यातून आलेली तिरीप चाकावर पडली होती आणि तिचे तुकडे भिंतींवर, छपरावर, विमलबाईच्या चोळीवर सरकत होते. टूल मधोमध आलं. सहादूने ते अलगद मागे घेतलं आणि विमलबाईने स्विच बंद केला.

संध्याकाळच्या उन्हात आप्पासाहेबांनी चाक इतर चाकांशेजारी धरलं, बरंच फिरवून बघितलं आणि मान डोलावली. वरून लॅकर मारायला ते नगरच्या पेंटरकडे घेऊन जाणार होते. जाताना त्यांनी सहादूच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कुठलं तुमचं आणि कुठलं मुंबईचं, सांगता येत नाही."

गाडी धुळीत दिसेनाशी झाली तरी सहादू रस्त्यात उभा होता.

"विमल, त्यानं चाक उन्हात धरलं तवा रंग हुते का गं?"

"हुते की. तुमाला न्हाई दिसले?"

"मला दिसले. पन मला धुळीतबी दिसत्यात आन तुज्या डोक्याभवतीबी दिसत्यात." त्याने डोळे चोळले. "चाकाचे कंचे आन माजे कंचे, ते मला कळलं न्हाई. माजा जॉब बरा झाला का ते मला दुसऱ्याला इचारावं लागलं. आजवर कदी इचारलं न्हवतं." मग तो आत गेला, मशीन पुसलं, मेन स्विच पाडला आणि कुलूप आणून तिच्या पुढे धरलं. "घे. लाव."

एवढे महिने ज्या कुलपाला तो घाबरत होता ते तिच्या हातात देत होता. विमलबाईने ते घेतलं नाही.

"तुमीच लावा," ती म्हणाली. "उद्या नगरला डोळ्याच्या डाक्टरकडं जायचं. पिकलाय का कच्चा हाय ते त्यो सांगंल. किती दिस लागायचे ते लागू द्या, मी येईन मशीनला तेल लावायला. पन लावा तुमीच, म्हंजे उघडायलाबी तुमालाच यावं लागंल."

सहादूने कडी घातली आणि चावी काढली. चावीचं भोक त्याला दिसलं नाही. गेले कित्येक महिने ते त्याला दिसत नव्हतं. रोज तो विमलबाई पुढे चालायला लागेपर्यंत थांबायचा, काहीतरी विसरल्याचं सोंग करायचा आणि तिची पाठ वळली की बोटाने चाचपायचा. आज ती समोर उभी होती आणि हलत नव्हती. त्याने डाव्या हाताचं बोट कुलपावरून फिरवलं, एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, चावी दाराच्या पत्र्यावर खरडली. विमलबाईचा हात पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला. तिसऱ्या खेपेला चावी आत गेली, आणि त्याने ती तिच्या देखत फिरवली.