नानांचे मासे आणि सोनवण्यांचं छत

एका रविवारी दुपारी आमच्या हॉलमधलं पाणी खालच्या मजल्यावरच्या सोनवण्यांच्या देवघरात पडलं, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो. मी एका कारखान्यात इंजिनियर आहे.

आई गेल्यावर नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी सटाण्याजवळच्या गावाहून आमच्या नाशिकच्या फ्लॅटवर आणलं. जन्मभर कांद्याच्या शेतात या बांधावरून त्या बांधावर हाका मारत बोललेला माणूस इथे येऊन गप्प झाला. मेधा, माझी बायको, पुण्याची. तिच्यासमोर नाना पुस्तकातल्यासारखं जपून बोलायचे आणि वाक्य चुकतंय असं वाटलं की मध्येच सोडून द्यायचे. माझ्याशी ते अहिराणीत बोलत, पण मी शिकायला बाहेर पडलो तेव्हापासून माझी अहिराणी सुटलेली. मी शहरी मराठीत उत्तर द्यायचो. हळूहळू त्यांचं तेही बोलणं थांबलं. एकदा जेवताना म्हणाले, "मी गावाला जातो आता." गावाला बंद घर होतं. दुसरं कोणी नव्हतं.

त्याच सुमारास त्यांचा दात दुखायला लागला. दातांच्या डॉक्टरकडे माशांचा टँक होता. नाना त्यात इतके रमले की त्यांचं नाव पुकारलेलं त्यांना ऐकू गेलं नाही. परत येताना रिक्षात स्वतःहून म्हणाले, "तो नारंगी मासा हुशार वाटला." कित्येक दिवसांतलं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी ठरवलं, घरात टँक करायचा. (तयार विकत मिळतो. पण मी इंजिनियर.)

रचना सोपी होती. वर काचेचा मोठा टँक, खाली कपाटात दुसरी टाकी. वरच्या टँकच्या कोपऱ्यातून एक पाइप खाली येतो. त्यातून पाणी खालच्या टाकीत उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप जोर लावून पाणी चढवतो, पण उतरणारं पाणी आपल्या वजनानं उतरतं, पाइप जाऊ देईल तेवढंच. म्हणून पंप पाइपच्या बेतानं घ्यायचा असतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी पाइप बारीक घेतला, कारण जाड पाइप वाईट दिसतो, आणि पंप दुकानातला सगळ्यात मोठा घेतला.

"एवढा मोठा कशाला?" मेधानं विचारलं.

"पाणी जितकं फिरेल तितकं स्वच्छ राहतं."

"पण तेवढं खाली येईल का?"

"वर गेलेलं पाणी जाणार कुठे? खालीच येणार."

(हे वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं.)

त्यावर मी आणखी एक सुधारणा केली. खालच्या टाकीतलं पाणी कमी झालं की आपोआप भरावं म्हणून तिला इमारतीच्या पाण्याची लाईन आणि तरंगत्या चेंडूचा नळ जोडला. म्हणजे पाणी कधी संपणारच नाही, याची पक्की सोय मी स्वतःच्या हातानं केली.

रविवारी सकाळी मासे सोडले, पंप सुरू केला. वरच्या टँकमधलं पाणी जरा चढताना दिसत होतं. मी म्हटलं, होईल सेट. आम्हाला सातपूरला एका वास्तुशांतीला जायचं होतं. निघताना नानांना बजावलं, "कशालाही हात लावू नका. सगळं आपोआप आहे."

पहिला घास घेतला आणि सोनवण्यांचा फोन आला. "अहो, वर काय चाललंय? आमच्या देवांवर पाणी पडतंय."

आम्ही ताटावरून उठलो. घरी येऊन दार उघडलं तर टँकच्या चारही बाजूंनी पाणी एकसारखं, शांतपणे ओघळत होतं. एक नारंगी मासा चपलांच्या स्टँडपर्यंत पोचला होता. नाना पाय वर घेऊन दिवाणावर बसले होते आणि कौतुकानं बघत होते.

मी आधी बटण बंद केलं. मेधानं मासा कुकरच्या भांड्यात उचलला. जगला.

"नाना, फोन नाही का करायचा?"

"तू म्हणालास, हात लावू नका," नाना म्हणाले. "मला वाटलं, धबधबा आहे. डॉक्टरकडे नव्हता. म्हटलं, पोरानं जास्तीचा केला."

माफी मागायला खाली निघालो तर नानाही उठले. "मीही येतो. घरी मीच होतो ना."

सोनवण्यांकडे त्यांच्या आई एकेक देव पदरानं पुसत बसल्या होत्या. सोनवणे छताकडे बोट दाखवून बोलत होते. मी त्यांना पंप आणि पाइपचं गणित समजावत होतो, आणि ते माझ्याकडे जसं बघत होते, तसं पुन्हा कोणी बघू नये. तेवढ्यात त्या आजींनी मान वर करून अहिराणीत विचारलं,

"पानी कोठून उनं?"

नाना एकदम वळले. मग म्हणाले, "मना पोऱ्यानी सोडं." जरा थांबून, "इंजिनेर शे तो."

आजी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग विचारलं, "कोन गावना शेतस तुम्ही?"

त्यांचं माहेर सटाण्याशेजारच्या कळवणचं निघालं. नाना खाली बसले ते बसलेच. कुठली पिकं, कोणाचे सोयरे, कोण गेलं, कोण राहिलं. मध्येच ते माझ्या आईबद्दल बोलले. ती गेल्यापासून तिचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी आणि सोनवणे हातात फडकी घेऊन उभे होतो. छताचा विषय त्या दिवशी पुढे सरकलाच नाही. मेधा दारातून हळूच म्हणाली, "किती बोलतात हो नाना."

पुढे मी छोटा पंप आणला, जाड पाइप बसवला, चेंडूचा नळ काढून टाकला आणि सोनवण्यांचं छत रंगवून दिलं. नाना गावाला जायचं नाव काढत नाहीत. सकाळचा चहा झाला की खाली जातात, ते जेवायलाच वर येतात. टँक बघायला आता मीच उरलोय, तेही कारखान्यातून आल्यावर.

परवा जिन्यात सोनवणे भेटले. पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक नवीन कुटुंब आलंय, त्यांचे वडीलही दिवसभर कोणाशी बोलत नाहीत, असं सांगत होते. मी म्हटलं, वाईट वाटतं ऐकून.

"त्यांच्या वरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचाय," सोनवणे गंभीरपणे म्हणाले. "तुमचा जुना पंप अजून आहे का?"