रेडिओत चालून आलेली चप्पल

माझे वडील एकदा रेडिओच्या नाटकात होते आणि त्यात त्यांना एकही वाक्य नव्हतं. शाळेत मी हे छाती फुगवून सांगायचे आणि मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. हसू देत.

तेव्हा रेडिओवर दर आठवड्याला नवी श्रुतिका लागायची. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या वेळी कुणी कुणाकडं काम काढून जात नसे. एकदा त्या श्रुतिकांचे दिग्दर्शकच आमच्या चपलांच्या दुकानात आले. गोष्टीतला पैलवान बऱ्याच वर्षांनी घरी परततो आणि आई त्याला नुसत्या चपलेच्या आवाजावरून ओळखते, असा प्रसंग होता. वडिलांनी तळाच्या दोन थरांत बिया घालून अशी जोडी केली, की माणूस दिसायच्या आधी ऐकू यावा. पण नटाला सवय बुटांची. तो पावलं मोजल्यासारखा चालायचा. शेवटी दिग्दर्शकांनी वडिलांनाच चालायला बोलावलं.

मी सोबत रेडिओ केंद्रावर गेले, स्टुडिओच्या काचेपलीकडे बसले. लाल दिवा लागला, आईचं काम करणाऱ्या बाई श्वास रोखून थांबल्या, वडील ऐटीत चालत आले आणि काहीच वाजलं नाही. आतली शांतता बघून त्यांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. देवळात कोण चपला घालून शिरतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या खेपेला मात्र असे चालले, की त्या बाईंना खरंच भरून आलं.

श्रुतिका लागली तेव्हा आमचं घर माणसांनी भरलं होतं. शेवटी सगळ्यांची नावं वाचली, तबलेवाल्याचंसुद्धा. वडिलांचं नाही. मी रडून गोंधळ घातला. हातातलं चामडं खाली न ठेवता ते म्हणाले, "आईनं पोराला वळखलं न्हवं? मग झालं की."

मला ते पटलं नाही. तो राग मी आजवर जपून ठेवला होता.

गेल्या महिन्यात जुन्या श्रुतिका जमवणाऱ्या एका गृहस्थांनी तीच श्रुतिका मोबाइलवर पाठवली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई नव्वदीची आहे, डोळ्यांना फारसं दिसत नाही, कान मात्र ठणठणीत. काय लावतेय ते न सांगता मी मोबाइल तिच्या पलंगावर ठेवला. नावं आली की पुन्हा एकदा चिडायचं, याच तयारीनं बसले होते.

कर्र, कर्र, कर्र. आईनं हात वर नेऊन डोक्यावरचा पदर सारखा केला. नाटकातली आई बोलायच्या आधी तीच बोलली.

"आलं तुझं वडील. चहा ठेव जा."

पुढं नावं वाचलीच असतील. मी तोवर चहा ठेवायला उठले होते.