एका लाडवातले तीळ

एका लाडवात तीळ किती असतात, हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीने काढला. ती वर्ध्याजवळच्या एका शाळेत पाचवीला गणित शिकवते. माझी मुलगी इथे जबलपूरला, गढा भागातल्या शाळेत पाचवीतच आहे. संक्रांतीनिमित्त दोन्ही वर्गांनी आपापल्याकडे तीळ मोजायचे आणि सुट्टीआधीच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर बसून दोघांचा मिळून एकच आकडा ठरवायचा, असं ठरलं. लाडू दोन्हीकडे सारखा धरला: वीस ग्रामचा, त्यात तीळ दहा ग्राम. इथल्या मॅडमनी मोजणी माझ्या मुलीवर सोपवली. लॅपटॉप आणि इंटरनेट माझ्यावर.

मुलीने शंभर तीळ मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. काट्यावर शून्य.

“पप्पा, तिल का तो वेट ही नहीं है.”

“आहे. हा काटा पूर्ण ग्रामच दाखवतो. त्याच्याखालचं त्याला कळत नाही; अर्ध्याच्या खाली शून्य, वर गेलं की एक.”

मग तिने हजार मोजायचं ठरवलं. काळ्या कागदावर दहादहाचे ढीग. सातशेच्या पुढे गेल्यावर स्वेटरची बाही लागून अर्धे ढीग एकमेकांत मिसळले. “अंदाजाने धर ना, थोडं इकडेतिकडे झालं तर काय होते?” असं तिची आई म्हणाली. मी कारखान्यात तपासणी विभागात आहे; माझं मत मुलीला विचारायची गरज नव्हती. पोरीने सगळे तीळ वाटीत परत ओतले आणि दुसऱ्या दिवशी एकापासून सुरुवात केली. हजार तीळ, तीन ग्राम. म्हणजे लाडवात तीन हजार तीनशे तेहतीस.

शनिवारी वर्गात नेटवर्क फक्त खिडकीपाशी धरत होतं, म्हणून लॅपटॉप खिडकीत ठेवून आम्ही चौतीस मुलांची बाकं तिकडे वळवली. पलीकडे एक्केचाळीस मुलं. बहिणीने फळ्यावर त्यांचा आकडा दाखवला: दोन हजार. दोनशे तीळ ठेवले, काट्याने एक ग्राम दाखवला, दहाने गुणलं.

आमचा आकडा ऐकून ती म्हणाली, “दादा, तुमच्याकडे इतके काहून? तिकडचे तीळ उपाशी राहून राहिले का?”

तिचा अख्खा वर्ग हसला. इकडच्या मॅडम माझ्याकडे वळल्या. “चलो भैया, बीच का निकाल लेते हैं. दो हज़ार छह सौ छियासठ. दोनों खुश.”

मुलीने वही छातीशी धरली. दोन दिवसांची मोजणी अशी अर्धी करून टाकायला मी तयार नव्हतो. मी म्हटलं, दोनातला एक आकडा चुकीचा असेल, तर मधला आकडाही चुकीचाच.

“फॅक्टरीतून बाहेर ये रे दादा,” बहीण म्हणाली. “लेकरांचा सण आहे.”

“सण आहे म्हणून वजन बदलत नाही.”

चूक कुठे आहे, हे मला कळलं होतं. सांगायला तोंड उघडलंही. पण मोजलं होतं पोरीने. मी लॅपटॉपसमोरून बाजूला झालो आणि तिला म्हटलं, “तू सांग.”

तिला मराठी सगळी समजते, बोलायची वेळ आली की ती आत्याशीसुद्धा हिंदीत बोलते. आता समोर एक्केचाळीस अनोळखी मुलं होती. ती इतका वेळ गप्प राहिली, की कॉल अडकला का, असं पलीकडून कोणीतरी विचारलं.

“आत्या,” ती शेवटी म्हणाली, “तुमचा काटा पॉइंटवाला आहे?”

“नाही ग. साधाच आहे.”

“मग त्याच्यावर और दोनशे डाला. म्हणजे… टाका.”

“अजून दोनशे? काहून?”

“टाका तर.”

पलीकडे मोजायला बराच वेळ लागला. इकडची मुलं चुळबुळ करायला लागली, मॅडमनी घड्याळ पाहिलं. मुलगी स्क्रीनसमोरून हलली नाही. मग बहिणीने चारशे तीळ काट्यावर ठेवले आणि काटा कॅमेऱ्यापुढे धरला. एक ग्राम.

मग पलीकडची एक मुलगी ओरडली, “बाई, हा तर खोटं बोलून राहिला!”

“खोटं नाही,” माझी मुलगी म्हणाली. “त्याला छोटं समजत नाही. जादा तीळ पाहिजे.”

बहिणीने मान हलवली. “बरोबर आहे. पुसा रे तो दोन हजार.”

मग दोन्हीकडे प्रत्येक मुलाने शंभर शंभर तीळ मोजले. आमचे चौतीसशे भरले दहा ग्राम, त्यांचे एक्केचाळीसशे बारा ग्राम. भागाकार केला तर इकडे ग्रामला तीनशे चाळीस, तिकडे तीनशे एक्केचाळीस आणि थोडे. दोघांनाही मान्य झालं: एका लाडवात सुमारे तीन हजार चारशे.

लॅपटॉपवर उघडलेल्या दोन्ही शाळांच्या सामायिक तक्त्यात जबलपूरच्या रकान्यात अजून तीन हजार तीनशे तेहतीस होते. मॅडम म्हणाल्या, “बेटा, रहने दो, पास ही तो है.” पोरीने मान हलवून नाही म्हटलं, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तो आकडा खोडून नवा टाकला.