माझ्याकडे आलेली पाहुणी

नवरा गेला, पाठोपाठ नोकरीही संपली. मग नागपूरचं घर भाड्यानं देऊन मी बंगळूरला, व्हाइटफील्डमध्ये मुलाकडे आले. इथे मला कुणी वाईट वागवत नाही, हीच तर पंचाईत. स्वयंपाकाला बाई, भाजी दारात, नात दिवसभर शाळेत. तक्रार करायची तरी कशाची? मी दुपारी झोपू लागले, मग सकाळीही. पेपर उघडावासा वाटेना. मुलानं तत्परतेनं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मी सोडून. आमच्या वयाच्या बाईच्या गुडघ्यांची चौकशी सगळे करतात. मनाची करावी असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग बागेतल्या बाकावर शेजारच्या सोसायटीतली एक बाई भेटली. बेळगावकडची, माझ्याच वयाची, मुलीकडे राहणारी. तिच्याशी बोलताना वेळ कसा जायचा कळायचं नाही. एकदा मी तिला चहाला बोलावलं. किती दिवसांनी हौसेनं पदर खोचला, पुडाच्या वड्या तळल्या, बरी साडी नेसले. चहाची वेळ टळून गेली, तरी ती येईना. शेवटी तिचाच फोन आला.

"अक्का, गेटवर नको म्हणाले की. काम असेल तुम्हाला. सरी, असू दे, पुन्हा येते."

आमच्याकडे कुणीही आलं की गेटवरचा गार्ड मुलाच्या मोबाइलवर परवानगी मागतो. मुलगा मीटिंगमध्ये होता. कुणी काही विकायला आलं असेल असं समजून त्यानं नकार दाबला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सॉरी आई," संध्याकाळी तो म्हणाला, "पण मला आधी सांगायचं ना."

"तुझे मित्र येतात तेव्हा तू मला सांगतोस?" आणि मग तोंडून निघूनच गेलं, "मला इथे फार उदास वाटतं रे. सकाळी उठावंसंच वाटत नाही."

त्यानं लॅपटॉप मिटला. "कधीपासून?"

"आल्यापासून."

सून येऊन माझ्याजवळ बसली. पुन्हा डॉक्टरांकडे जायचं ठरलं, या वेळी मनाच्या. गेटवर माझा नंबर द्या, हे मात्र मीच बजावलं, आजच्या आज.

दोन दिवसांनी माझा फोन वाजला. खाली कुणी बाई आल्या होत्या.

"साहब से पूछूँ?" गार्डनं सवयीनं विचारलं.

"नाही. माझ्याकडे आल्यात," मी मराठीतच म्हटलं. "पाठवा."