फुंकायचं कुठून?

आमच्या आबांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे विस्तव. ऊस सगळ्यांचाच येतो, विहिरीला पाणी सगळ्यांच्याच लागतं, पण दमट कोळशावर जाळ धरून दाखवणारा माणूस कोल्हारपासून देवळालीपर्यंत आपण एकटेच, अशी त्यांची पक्की समजूत. दर हिवाळ्यात ऊस कारखान्याला गेला की रिकाम्या वावरात आमचं सगळं घर जमतं. तीन दगड, वर जाळी, जाळीवर मसाला लावलेल्या कोंबड्या आणि कडेला भरताची वांगी. मसाला कुणीही वाटावा, कोंबड्या कुणीही कापाव्यात, पण कोळसे पेटवायचे ते आबांनीच. त्यासाठी त्यांची एक लोखंडी फुंकणी होती. गाल फुगवून, डोळे मिटून ते फुंकायचे आणि आम्ही गप्प बसून बघायचो. मध्येच कुणी वारा घालायला गेलं तर ती फुंकणी त्याच्या गुडघ्यावर बसायची.

मग आबांच्या छातीनं दगा दिला. चार पावलं चाललं तरी धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, धुरात जायचं नाही आणि फुंकणं तर अजिबात नाही. आबांनी विचारलं, "हळू फुकलं तर?" डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हापासून तो डॉक्टर आबांच्या मनातून उतरला.

मागच्या हिवाळ्यात विस्तव चुलत्यांकडे गेला. चुलते म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माणूस सोन्यासारखा, पण सबुरी औषधालाही नाही. त्यांनी कोळशावर ट्रॅक्टरचं डिझेल ओतलं आणि काडी टाकली. त्यात त्यांची एक भुवई गेली आणि कोंबड्यांना ट्रॅक्टरचा वास लागला. सगळ्यांनी "झकास झालीय" म्हणत गिळली. आबा लांब बाजेवर, विस्तवाकडे पाठ करून बसले होते. त्यांनी घाससुद्धा घेतला नाही. दाढ दुखते म्हणाले. त्याच दाढेनं सकाळी अख्खा ऊस सोलून खाताना मी त्यांना पाहिलं होतं. निघताना ते आईला हळूच म्हणाले, "पुढच्या साली मला आनू नका. तुमचं तुमी उरका."

मी मागेच उभी होते. मी लेक आबांवरच गेलेय, त्यामुळे दुःख झालं की मला आधी राग येतो. कोणाचा ते नंतर ठरवते. नगरला माझ्या घरी परत आले ती अशा रागातच, आणि रागात असले की मी मोबाईल बघत बसते. तसंच एकदा बघताना एक माणूस दिसला. त्यानं पत्र्याच्या एका नळकांड्यात कोळसे भरले, खाली कागद पेटवला आणि चक्क बाजूला जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं कोळसे लालभडक. ना फुंकलं, ना वारा घातला. मी तेच नळकांडं मागवलं.

या हिवाळ्यात ते मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. नगर-मनमाड रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या हनुवटीवर आपटत होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बंबाचं हाय का वो?" मी हो म्हणाले. खरं सांगत बसले असते तर माझं उतरायचं कोल्हार मागे गेलं असतं.

वावरात पोचल्यावर आईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "आगं, फसवलं तुला. याला बूडच न्हाई."

"बूड नसतंच त्याला. आत जाळी आहे बघ. वरून कोळसे, खालून कागद. खालून वारा आपोआप चढतो."

आईचा विश्वास बसला नाही. तिच्या मते बूड नसलेली वस्तू परतच करायची असते. मी ते उचलून बाजेवर आबांच्या पुढ्यात ठेवलं. आबांनी खालच्या एका भोकातून बोट घातलं, नळकांड्याची मूठ हलवून बघितली, आणि मला ज्याची भीती होती तेच विचारलं.

"फुकायचं कुठून?"

"फुंकायचंच नाही, आबा. म्हणून तर आणलंय."

"मंग मी करायचं काय?"

आबांनी पाठ फिरवली. मला रडू आलं, म्हणजे राग आला, आणि मी स्वतःच कोळसे भरायला बसले.

खोक्यावरची कृती सोपी होती. कागद लावा, कोळसे भरा, पेटवा, थांबा. पहिल्या तीन गोष्टी मला जमल्या. चौथी आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेली नाही. धूर निघतोय तोच भावानं एका भोकातून काडी खुपसून ढवळायला सुरुवात केली. त्याला हाकललं तर दुसऱ्या बाजूनं वहिनी सूप घेऊन वारा घालू लागली. चुलते डिझेलची बाटली पाठीमागे लपवून एकेक पाऊल पुढे येत होते. त्यांना अडवायला मी वळले, आणि तेवढ्यात आईनं चहाचं पातेलं नेमकं नळकांड्याच्या तोंडावर ठेवलं.

तिचा दोष नाही. विस्तव जळतोय आणि त्यावर काहीच शिजत नाही, हे माझ्या आईला बघवत नाही. तिच्या लेखी ते अन्न टाकण्याइतकं वाईट. पण वरचं तोंड बंद झालं आणि सगळा धूर खालच्या भोकांतून आमच्यावर आला. सगळे खोकायला लागले. लांब बाजेवर आबाही खोकले. त्यांचा खोकला ऐकून मी पातेलं झटकन उचलून आईच्या हातात दिलं, तरी नळकांडं विझलं. चुलते म्हणाले, "मी आनतो डिझेल," जणू बाटली त्यांच्या हातात नव्हतीच.

मी सगळ्यांना बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईलाही बोलले, त्याचं मात्र वाईट वाटतं.

माझं बोलून झालं तेव्हा आबा उठून आले होते. हातात फुंकणी. दिवसभर त्यांना काही काम नव्हतं, त्यामुळे पाठ फिरवूनही ते मान वळवून हेच बघत बसले होते.

"ते वारा वढत हुतं," आबा म्हणाले. "चांगलं वढत हुतं. तुमी त्याचं नाक दाबलं. माझं नाक दाबल्यावर मी तरी काय करनार?"

आबांनी वारा कुठून आहे ते पाहिलं, बाज त्या अंगाला आणायला लावली आणि फुंकणीच्या टोकानं नळकांड्याभोवती मातीत एक मोठी गोल रेष ओढली. "ह्याच्या आत कुनी यायचं न्हाई." मग म्हणाले, "नारळ हाय का?"

कारखान्याचा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम आबांनी सभासद म्हणून दरवेळी मागच्या रांगेतून पाहिलाय. पुढे मोठे लोक नारळ फोडतात, अग्नी देतात. नारळ होता, पण तो वहिनीनं रश्श्यासाठी आणला होता. "रश्श्याचं काय?" ती म्हणाली. आबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. नारळ फुटला. भावानं कोळसे पुन्हा भरले, आबांनी स्वतः काडी लावली आणि ते बाजेवर येऊन बसले. फुंकणी मांडीवर आडवी.

त्यानंतर आमच्या घरात प्रथमच सगळे थांबले. भावाचे हात शिवशिवत होते, ते त्यानं खिशात घातले. चुलत्यांच्या चपलेचं टोक रेषेवर आलं, फुंकणी त्यांच्या गुडघ्यावर बसली, आणि ते मागे सरकले. धूर पातळ झाला. मग आतून हलकी घरघर ऐकू यायला लागली आणि वरच्या कोळशांवर जाळ नाचू लागला. आबा डोळे मिटून ऐकत होते. "भरला दम," ते म्हणाले. कोळशांवर राख चढल्यावर त्यांनी मुठीला फडकं गुंडाळलं आणि नळकांडं दगडांमध्ये ओतलं. लाल कोळसे सगळीकडे सारखे पसरले. आबांना धाप लागली नव्हती. मी नीट बघत होते.

कोंबडीला कोंबडीचाच वास आला. आबांनी तंगडी घेतली, मग दुसरी घेतली. दाढेचं कुणी काढलं नाही. हाड चोखता चोखता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पुढच्या साली कोळसा जास्ती आन. हा पुरायचा न्हाई."

मी बरं म्हणाले. पुढच्या साली आबा येणार होते.

आई अजून रेषेच्या बाहेरच उभी होती, हातात चहाचं पातेलं.

"आता ठिवू का?" तिनं विचारलं.

आबांनी विस्तवाकडे बघितलं, विचार केला आणि फुंकणीनं जागा दाखवली.

"ठिव."