धरणात थरथरणारी लाँच

"साहेब, ही बोट आहे का पिठाची गिरणी?" पगारे ओरडून विचारत होते. ओरडावंच लागत होतं. गंगापूर धरणाच्या पाण्यात लाँच अशी थरथरत होती की बाकावर बसलं तरी दात वाजत.

पगारे धरणावर पर्यटकांना फिरवायचे. लाँच त्यांची, दुरुस्ती आमची. आमची म्हणजे मुंबईतल्या एका जुन्या शिपयार्डची. तीन पिढ्या तिथे बोटी दुरुस्त झाल्या. भोवती शहर दाटत गेलं. नव्वदच्या दशकात मालक पाटकरसाहेबांनी जागा विकली आणि मशिन्स ट्रकमध्ये घालून नाशिकला, अंबडच्या शेडमध्ये आणली. जुने फिटर मुंबई सोडून आले नाहीत. मी ओझरला विमानांची कामं केलेला इंजिनिअर, बोटींत नवाच. त्यात ही शेडमधली पहिली लाँच.

"ही परत आली, तर पुढची बोट कोणी देणार नाही," पाटकर म्हणाले. "शेड बंद करावी लागेल."

आधी प्रोपेलर बदलला. थरथर तशीच. मग इंजिनाखालचे रबर नवे घातले. तेच. मग शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत जाणारा लांब दांडा, लेथवर चढवून पाहिला. सरळ होता. इंजिन आणि शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात, त्या कपलिंगच्या दोन चकत्या शेडमध्ये अगदी चपखल बसायच्या. लाँच ट्रेलरवरून धरणावर नेली की पुन्हा गिरणी सुरू. शेडमध्ये सगळं बरोबर, पाण्यात सगळं चूक. जेवताना बायको काय बोलतेय तेही कळेना.

शेवटी शाफ्ट पुन्हा शेडला न्यायचा म्हणून धरणावरच, तरंगत्या लाँचमध्ये, मी कपलिंगचे बोल्ट सोडले. शेवटचा बोल्ट निघाला आणि दोन्ही चकत्या खाडकन एकमेकींपासून सरकल्या.

मी बघतच राहिलो. ट्रेलरवर लाँचचा भार दोनच ठिकाणी पडत होता. पाण्याने तिला सगळीकडून उचललं, तसा तिचा आकार किंचित बदलला आणि चकत्यांची जुळणी सुटली. आणि आम्ही ट्रेलरवरची वाकलेली बोट सरळ धरून चाललो होतो!

तिथेच, पाण्यावर, इंजिनाखाली पातळ पत्रे सारून चकत्या पुन्हा जुळवल्या. इंजिन सुरू केलं. पगारे बाकावर बसले आणि वाकून इंजिनाकडे बघू लागले.

"चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

पाटकरांना सांगितलं, तर तेच गोंधळले. "मग मुंबईत असं कधीच कसं झालं नाही?"

त्यांनी तिथल्या जुन्या फिटरला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, जागाच कुठे होती? मागची बोट खोळंबलेली असायची. दुरुस्त झालेली पाण्यात ढकलायची आणि कपलिंग तिथेच जुळवायचं."

पद्धत अगदी बरोबर होती. पडली होती मात्र जागेच्या अडचणीमुळे. नाशिकला ऐसपैस शेड मिळाली आणि आम्ही सगळं काम आरामात जमिनीवरच उरकू लागलो.

शेड चालली. पगाऱ्यांनीच पुढची बोट मिळवून दिली. तेव्हापासून अडचणीच्या जागेत कोणी विचित्र पद्धतीने काम करताना दिसलं, की ती पद्धत सुधारण्याआधी मी थोडं थांबतो.