दस्तगीरभाईंचे तीन ट्रॅक्टर

दस्तगीरभाईंच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. अंगणात ट्रॅक्टर मात्र तीन होते. तेरखेड्याच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा त्यांच्या शेजारची खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्याच सकाळी पाहते तर डोक्याला गोल टोपी, हातात चिंधी असे पन्नाशीचे एक गृहस्थ एका गंजक्या धुडाच्या नाकाडावरून हात फिरवत त्याला विचारत होते, "काय बाबा, झोप लागली का?" मला पाहून ते लाजले वगैरे नाहीत. म्हणाले, "बाई, मशीनबी माणसासारखं असतंय. रोज कुणीतरी इचारपूस केली पायजे."

धंदा त्यांचा शोभेच्या दारूचा. लग्नसराईत आणि जत्रांत त्यांच्या भुईनळ्यांना लांबून मागणी येई. पण मन या धुडांत. जुन्या जागीरदाराच्या गोठ्यात एखादा ट्रॅक्टर गवताखाली गाडला गेलाय, असे कानावर आले की हे निघालेच. पहिला त्यांनी येडशी स्टेशनच्या मालधक्क्यामागून, बाभळीच्या जाळीतून, बैलांच्या चार जोड्या लावून ओढून आणला होता. इतके करून नांगरायचे काय, असे मी एकदा विचारले. ते शांतपणे म्हणाले, "शौक हाय बाई. कबुतरं पाळणाऱ्याला कुणी इचारतं का, अंडी किती देत्यात म्हणून?"

त्यांच्या पत्नी खैरूनबी या शौकाला नावे ठेवत आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मिरच्या वाळत घालत. लोखंड लवकर तापते, एवढाच त्याचा उपयोग, असे त्यांचे मत. पण भाई गावाला गेलेले असताना आभाळ भरून आले, तर मिरच्यांच्या आधी ट्रॅक्टरवर ताडपत्री पडे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

भाईंचा एक कडक नियम होता. दारूचे काम झाल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच ते ट्रॅक्टरला हात लावत. "दारू आन् डिझेलची सोयरीक करायची न्हाय," असे ते म्हणत. तिसऱ्या ट्रॅक्टरने मात्र ती सोयरीक जमवली. तो एकाच सिलिंडरचा विलायती गडी होता, मागची चाके लोखंडी आणि दातेरी. इंजिनाच्या डोक्यात छोटे काडतूस बसवायचे, वरून हातोडीचा ठोका द्यायचा, की बार उडे आणि त्या धक्क्याने तो चालू होई. ती काडतुसे पूर्वी बाहेरून येत. पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत ती यायची बंद झाली आणि ट्रॅक्टर मुका झाला. भल्याभल्या मिस्त्रींनी हात टेकले होते. भाईंनी महिनाभर प्रयोग करून काडतूस घरीच बनवले. पहिल्या बाराला त्यांची टोपी उडून कडुलिंबावर बसली. चौथ्याला इंजिन धप्प, धप्प करत बोलू लागले. भाई खाली बसले आणि डोळे पुसत राहिले. खैरूनबींनी सगळ्या आळीत गूळ वाटला.

ही वार्ता कळंबकडच्या अप्पासाहेब नावाच्या बागायतदारांपर्यंत गेली. त्यांच्याकडे नवाकोरा, रबरी चाकांचा ट्रॅक्टर होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान. उरसाच्या मैदानात दोन्ही ट्रॅक्टरांनी दगड भरलेला लाकडी फळा, म्हणजे बिनचाकाची घसरगाडी, ओढायचा आणि जास्त पावले नेईल तो जिंकला, असे ठरले. भाई जिंकले तर अप्पासाहेबांच्या गोठ्यात पडलेला मोडका ट्रॅक्टर त्यांचा. हरले तर हा बोलका अप्पासाहेबांच्या दारात शोभेला जाणार. खैरूनबी दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

सारे गाव लोटले होते. पावले मोजायला मला उभे केले, कारण बाई खोटे मोजणार नाहीत. नव्या ट्रॅक्टरने फळा बेचाळीस पावले नेला, मग त्याची चाके जागच्या जागी फिरू लागली. भाईंचा गडी हळू निघाला, पण दाते रोवत, न थांबता. तीस झाली. पस्तीस झाली. लोक शिट्ट्या मारू लागले. अडतिसाव्या पावलाला भाईंनी इंजिन बंद केले आणि खाली उतरले.

कुणालाच काही कळेना. भाई अप्पासाहेबांपुढे जाऊन म्हणाले, "आतून ठक् आवाज आला. अजून पाच पावलं ओढलं असतं तर जिता ऱ्हायला नसता. घेऊन जावा. फक्त आधी खोलून बेरिंग बदला."

लोकांना ती सबब वाटली. अप्पासाहेबांनाही वाटली. आठवड्याने त्यांच्या मिस्त्रीने इंजिन खोलले, तर बेरिंगचे दोन तुकडे हातात आले. आता मात्र अप्पासाहेब वरमले. शिवाय बेरिंग बदलूनही ट्रॅक्टर चालू होईना, कारण काडतूस बनवणारा हात तेरखेड्यात. त्यांनी जीप पाठवली. भाई गेले, एका ठोक्यात चालू करून आले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जीप. असे दोन महिने झाल्यावर अप्पासाहेब स्वतः आले आणि म्हणाले, "दस्तगीरभाई, तुमचा गडी आमच्याकडं रमत न्हाय. परत न्या."

भाईंनी हात जोडले. पैजेत दिलेला शब्द परत घ्यायचा नसतो, असे त्यांनी सांगितले. बराच वेळ दोघेही हटेनात. शेवटी खैरूनबींनीच पडद्याआडून निकाल दिला की ट्रॅक्टर अप्पासाहेबांचा, पण राहील इथेच; आणि त्यांचा मोडकाही दुरुस्तीला इकडेच पाठवून द्यावा. अशा रीतीने अंगणात तिनाचे चार झाले. अप्पासाहेब दर शुक्रवारी येऊ लागले, बाह्या वर सारून गंज खरवडू लागले. खैरूनबी म्हणाल्या, "एक येडं होतं, आता दोन झाली." चहा मात्र न मागता ठेवत.

माझी बदली झाली, तेव्हा भाईंनी गाडी सांगू दिली नाही. माझी ट्रंक, वळकटी आणि मी, सगळे त्यांनी ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरवर चढवले आणि येडशीला निघाले. वाटेत दोन बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. स्टेशनात पोहोचलो, तर गाडी नुकतीच सुटलेली. भाईंना जराही वाईट वाटले नाही. पुढच्या गाडीपर्यंत आम्ही खैरूनबींनी दिलेली भाकरी आणि ठेचा खात बसलो आणि त्यांनी मला कधी नव्हे ते इंजिनांखेरीज दुसरे काही सांगितले: मी जाणार म्हणून खैरूनबी दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

गाडी आली. भाईंनी सामान चढवले आणि पाणी आणतो म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. शिट्टी झाली, गाडी हलली. मी खिडकीतून डोके बाहेर काढले. फलाटाच्या टोकाला भाई माझा पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभे होते. ड्रायव्हरला काहीतरी विचारत ते वाफेच्या इंजिनाबरोबर चार पावले चालले, मग थांबले. माझा डबा त्यांच्या समोरून गेला. मी हात हलवला. त्यांचे लक्ष नव्हते. मान एका बाजूला कलवून ते पुढे गेलेल्या इंजिनाचा आवाज ऐकत होते.